स्टॅक पॉलीची चढाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या हायलँड्समधील स्टॅक पॉली हा डोंगर उंचीने लहान असला तरी त्याचा माथा अत्यंत खडकाळ आणि तुटलेला आहे. सह्याद्रीत भटकंती केलेले, आणि आता नोकरी, शिक्षण किंवा पर्यटनाच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये असलेले मराठी वाचक या डोंगराबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

स्टॅक पॉली नेमका कुठे आहे आणि त्याची उंची किती?

हा डोंगर स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याजवळ, उलापूल या बंदराच्या गावाच्या उत्तरेस, कोयगाख नावाच्या भागात उभा आहे. त्याच्या दक्षिण पायथ्याशी लॉख लर्गन हे लांबट सरोवर आहे, तर उत्तरेकडे पाणथळ माळ, खडक आणि असंख्य लहानमोठ्या तळ्यांचा जवळजवळ निर्मनुष्य प्रदेश पसरलेला आहे. उंची ६१२ मीटर आहे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर असल्याचे माहीत असलेल्या ट्रेकरला हा आकडा किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सह्याद्रीत पायथ्याचे गावच बऱ्याचदा कित्येकशे मीटर उंचीवर असते, आणि येथे मात्र वाट सुरू होते ती समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही वर नसलेल्या वाहनतळापासून. म्हणजे डोंगराची बहुतेक सर्व उंची आपल्याच पायांनी चढावी लागते.

मग स्कॉटलंडमधील प्रसिद्ध ‘मनरो’ शिखरांमध्ये याचा समावेश होतो का?

होत नाही. ३,००० फुटांहून, म्हणजे ९१४.४ मीटरहून उंच असलेल्या स्कॉटिश शिखरांना मनरो म्हणतात. सर ह्यू मनरो यांनी १८९१ मध्ये त्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली आणि सध्या त्या यादीत २८२ शिखरे आहेत. त्याखालच्या उंचीच्या डोंगरांच्याही याद्या आहेत आणि स्टॅक पॉली त्यांपैकी ‘ग्रॅहम’ या गटात मोडतो. यादीतील शिखरे एकामागून एक पूर्ण करण्याची स्कॉटिश परंपरा आदरणीय आहे, पण तिचा एक परिणाम असा होतो की हजार मीटरचा गोलसर, गवताळ आणि सोपा डोंगर मोठा समजला जातो आणि सहाशे मीटरचा कातळी डोंगर लहान म्हणून गृहीत धरला जातो. येथील बहुतेक गैरसमज या एका आकड्यातूनच निर्माण होतात.

एवढ्या लहान डोंगराचा माथा इतका खडकाळ आणि सुळक्यांनी भरलेला का आहे?

या प्रश्नाचे उत्तर खडकात आहे, आणि ते समजून घेतल्यास चालताना दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला अर्थ येतो. वायव्य हायलँड्समध्ये सर्वांत खाली ‘लुइसियन नाइस’ नावाचा करडा, पट्टेदार, रूपांतरित खडक आहे. त्याचे सर्वांत जुने भाग सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचे असून तो युरोपातील अतिप्राचीन खडकांपैकी एक आहे. त्यावर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी प्राचीन नद्यांनी वाळू आणि गोटे यांचे प्रचंड जाडीचे थर आणून टाकले, आणि त्यांचाच पुढे तांबूस-तपकिरी वालुकाश्म झाला. या थरांना ‘टॉरिडोनियन’ म्हणतात. पुढे त्यांवर कँब्रियन काळात पांढऱ्या क्वार्टझाइटचे कठीण आवरण चढले. कालौघात नद्या आणि हिमनद्या यांनी या थरांचा बहुतेक भाग कापून नेला, आणि जे तुकडे उरले ते आज एकमेकांपासून सुटे, एकाकी डोंगर म्हणून उभे आहेत: सूलवेन, कूल मोर, कूल बेग, कॅनिस्प आणि स्टॅक पॉली.

कूल मोरच्या माथ्यावर क्वार्टझाइटचे आवरण अजून शिल्लक आहे. स्टॅक पॉलीच्या माथ्यावर ते नाही, आणि त्यामुळे उघडा पडलेला वालुकाश्म दंव, पाऊस आणि वारा यांच्या थेट तावडीत सापडला. हिमयुगात बर्फाच्या प्रवाहाने डोंगराच्या दोन्ही बाजू खरवडून तीव्र उताराच्या केल्या, तर माथ्याची धार बर्फाच्या पृष्ठभागावर उघडी राहून झिजत गेली, असे मानले जाते. खडकाच्या उभ्या भेगांत पाणी शिरणे, ते गोठून फुगणे आणि भेग रुंदावणे ही प्रक्रिया हजारो वर्षे चालू राहिली की नाळा तयार होतात, दोन नाळांमध्ये सुळके उरतात आणि पडलेल्या दगडांचा घसारा उतारावर साचतो. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. म्हणजे स्टॅक पॉलीच्या धारेवर हात ठेवताना आपण त्याच्या पंधरापट जुन्या खडकाला स्पर्श करत असतो. हा सर्व प्रदेश २००४ पासून ‘नॉर्थ वेस्ट हायलँड्स जिओपार्क’ म्हणून ओळखला जातो.

तिथे पोहोचायचे कसे?

इनव्हर्नेस हे जवळचे मोठे शहर आहे. एडिंबरा आणि ग्लासगोहून तिथे रेल्वे आणि बस जातात, आणि लंडनहून रात्रीची शयनगाडीही आहे. इनव्हर्नेसहून उलापूल सुमारे ९० किलोमीटर असून त्या मार्गावर बससेवा आहे. उलापूलनंतर मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी असणेच व्यवहार्य ठरते. ए-८३५ या रस्त्याने उत्तरेकडे जाऊन ड्रमरूनी येथे अखिल्टीबुईकडे जाणाऱ्या रस्त्यावर डावीकडे वळावे. लॉख लर्गनच्या काठाने गेल्यावर वाहनतळ लागतो. उलापूलपासून हे अंतर साधारण २५ किलोमीटर आहे.

ड्रमरूनीनंतरचा रस्ता एकेरी आहे, म्हणजे दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच पट्ट्यावरून जातात आणि ठरावीक अंतरावर एकमेकांना वाट देण्यासाठी रुंद जागा ठेवलेल्या असतात. त्या जागांवर गाडी उभी करून ठेवू नये. मागून वेगाने येणारी गाडी दिसल्यास अशा जागी थांबून तिला पुढे जाऊ द्यावे, कारण ती बहुधा तिथल्या रहिवाशाची असते आणि त्या व्यक्तीला हा रस्ता रोज वापरावा लागतो. वाहनतळ लहान आहे आणि उन्हाळ्यात सकाळी दहानंतर तो भरलेला असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून लवकर निघावे. तो भरला असल्यास रस्त्याच्या कडेला गवतात चाके चढवण्याऐवजी दुसरी वेळ निवडावी.

वाट कशी आहे? चुकण्याची भीती आहे का?

खिंडीपर्यंतची वाट ठळक आहे. वाहनतळासमोर रस्ता ओलांडला की ती बर्चच्या विरळ झाडीतून वर निघते आणि हरणांना अडवणाऱ्या कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडते. फाटक प्रत्येक वेळी बंद करावे, कारण आतील कोवळी झाडे त्या कुंपणामुळेच वाचतात. त्यानंतर वाटेला फाटा फुटतो. उजवीकडची वाट डोंगराच्या पूर्वेकडील सोंडेला वळसा घालून उत्तर अंगाला जाते, आणि तिथून दगडी पायऱ्यांच्या टप्प्याटप्प्याने माथ्याच्या धारेवरील खिंडीत पोहोचते. उतरताना त्याच वाटेने परत येता येते, किंवा खिंडीतून खाली आल्यावर उत्तर उताराने पश्चिमेकडे जाऊन डोंगराला पूर्ण प्रदक्षिणा घालत फाट्याशी परतता येते. माझ्या मते उजवीकडून सुरुवात करून प्रदक्षिणेने परतणे सर्वांत चांगले, कारण त्यात चढ हळूहळू वाढत जातो आणि पूर्वेच्या सोंडेवरून वळताच उत्तरेचा संपूर्ण प्रदेश एकदम समोर येतो.

दक्षिणेकडून थेट वर जाणारी जुनी वाट दिसते. ती जवळची नाही का?

ती जवळची आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तिने डोंगराचे मोठे नुकसान केले आहे. पूर्वी लोक रस्त्यापासून दक्षिण उतारावर सरळ चढत असत. इथला मातीचा थर पातळ, खालचा खडक ठिसूळ आणि पाऊस भरपूर. हजारो पावलांखाली गवत आणि हेदर ही झुडपे नाहीशी झाली, माती वाहून गेली आणि मागे घसाऱ्याचा रुंद ओरखडा राहिला, जो दूरवरूनही दिसत असे. त्यामुळे लोकांना वळवून नेणारी सध्याची वाट बांधण्यात आली. तिच्यातील दगडी पायऱ्या, पाणी बाजूला काढणारे आडवे चर आणि कडेच्या शिळा हे सर्व अनुभवी कारागिरांनी हाताने रचलेले काम आहे.

जुन्या उताराची जखम भरून येण्यास अनेक दशके लागतात, कारण या अक्षांशावर झाडोरा वाढण्याचा हंगामच लहान असतो. म्हणून दक्षिणेच्या घसाऱ्यावरून चढू नये, आणि उतरण्याचा मोह तर मुळीच धरू नये. बांधलेल्या पायऱ्या गुडघ्यांना टोचतात म्हणून त्यांच्या कडेच्या गवतातून चालणेही टाळावे, कारण नवी धूप तिथूनच सुरू होते. हा डोंगर लहान आहे आणि त्यावर येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्याचे रक्षण करण्यात प्रत्येकाच्या पावलाचा वाटा आहे.

एकूण वेळ किती लागतो?

प्रदक्षिणेचे अंतर सुमारे साडेचार किलोमीटर आणि चढ साडेचारशे ते पाचशे मीटर आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो: सपाटीवरील प्रत्येक पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि चढाच्या प्रत्येक शंभर मीटरसाठी दहा मिनिटे मिळवावीत. त्या हिशेबाने न थांबता चालणाऱ्यास पावणेदोन तास लागतील. प्रत्यक्षात दम घेणे, खाणे, छायाचित्रे आणि खिंडीतील मुक्काम धरून तीन ते चार तास राखून ठेवावेत. धारेवर पश्चिमेकडे जाणार असल्यास आणखी दीड तास मिळवावा.

अगदी शिखरापर्यंत जाता येते का? ‘शेवटचा टप्पा अवघड आहे’ असे म्हणतात, ते कितपत खरे?

ते पूर्णपणे खरे आहे, आणि याच प्रश्नाचे उत्तर सर्वांत काळजीपूर्वक वाचावे.

खिंडीत पोहोचल्यावर धार दोन्ही बाजूंना पसरलेली दिसते. पूर्वेकडील टोक जवळ आहे आणि तिथे जाताना काही ठिकाणी हातांचा आधार घ्यावा लागतो, पण सवय असलेल्या माणसाला ते फारसे कठीण नाही. डोंगराचे खरे, म्हणजे सर्वांत उंच शिखर मात्र पश्चिम टोकाला आहे. तिकडे जाताना धारेवर सुळके, बुरुजांसारखे खडक आणि खोल नाळांची तोंडे एकामागून एक येतात. त्यांतील काहींना खालून वळसा घालता येतो, काहींवरून चढून उतरावे लागते, आणि अरुंद पायवाटा मध्येच फुटून भलत्याच नाळेत उतरतात. शिखराच्या अगदी अलीकडे जो कातळटप्पा लागतो तो उंचीने फार मोठा नाही. परंतु त्याच्या दोन्ही अंगांना उतार सरळ तुटलेला आहे. सह्याद्रीत आपण ज्याला दृष्टिभय म्हणतो ते येथे पूर्ण ताकदीने जाणवते. हा टप्पा टाळून शिखरावर जाण्याचा सोपा मार्ग नाही. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर ज्यांच्या माथ्यावर केवळ चालत जाता येत नाही अशा मोजक्या डोंगरांपैकी हा एक आहे.

हा टप्पा चढणे जेवढे कठीण, त्याहून तो उतरणे कठीण. चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात. उतरताना पाय ठेवण्याची जागा दिसत नाही आणि नजर थेट खालच्या दरीत जाते. म्हणून चढण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हाच कातळ मी दोराशिवाय उतरू शकेन का? उत्तर निःशंक होकारार्थी नसेल तर तिथेच थांबावे. कोरडा टॉरिडोनियन वालुकाश्म खरखरीत असतो आणि बुटांची पकड उत्तम मिळते, परंतु तो ओला झाल्यावर, विशेषतः शेवाळ असलेल्या जागी, तीच पकड नाहीशी होते. पाऊस, जोराचा वारा किंवा धुके असताना खिंडीच्या पश्चिमेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना खरे शिखर गाठायचेच आहे आणि कातळारोहणाचा सराव नाही, त्यांनी अधिकृत प्रशिक्षकासोबत जावे. येथे दोर वापरावा लागत असल्याने केवळ ‘माउंटन लीडर’ ही पात्रता पुरेशी ठरत नाही. ‘माउंटेनियरिंग अँड क्लाइंबिंग इन्स्ट्रक्टर’ ही पात्रता असलेली व्यक्ती हवी.

खिंडीतून परत आल्यास चढाई अपुरी राहिली असे समजायचे का?

मुळीच नाही. येथे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण खिंडीत किंवा पूर्व टोकावरच थांबतात, आणि या डोंगराचे सर्वोत्तम देणे तिथे पूर्णपणे मिळते. उत्तरेला लॉख शोनस्कॅगचा बेटांनी भरलेला जलाशय आणि त्यापलीकडे ७३१ मीटर उंचीचा सूलवेन दिसतो. ईशान्येला ८४९ मीटरचा कूल मोर, आग्नेयेला ७६९ मीटरचा कूल बेग, दक्षिणेला लॉख लर्गनपलीकडे बेन मोर कोयगाखचा लांबलचक कडा आणि पश्चिमेला समर आइल्स ही बेटे व मोकळा समुद्र. चहूबाजूंचे प्रमुख डोंगर स्टॅक पॉलीहून उंच आहेत, आणि तरीही हा प्रदेश वाचायचा असेल तर याच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण सर्व एकाकी डोंगर एकाच वेळी, त्यांच्या पायथ्यांसह, येथून दिसतात.

कोणत्या महिन्यात जावे?

मे आणि जूनचा पहिला पंधरवडा हा काळ सर्वांत चांगला. पश्चिम हायलँड्समध्ये वसंताचे महिने तुलनेने कोरडे असतात, दिवस लांब असतो आणि चावरी चिलटे अजून पूर्ण संख्येने आलेली नसतात. सप्टेंबरही उत्तम असतो. तेव्हा गवत तांबूस होते आणि हवा स्वच्छ राहते, मात्र त्या सुमारास हरणांची शिकार चालू असल्याने बांधलेली वाट सोडून उत्तरेच्या माळावर भटकण्यापूर्वी स्थानिक फलक पाहावेत.

हा डोंगर साधारण ५८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस सुमारे १८ तास उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये जेमतेम साडेसहा तास. हिवाळ्यात उत्तरेच्या पायऱ्यांवर बर्फ गोठतो आणि बर्फकुऱ्हाड व बुटांना लावायचे क्रॅम्पॉन यांची गरज पडू शकते. ती साधने वापरण्याचे शिक्षण न घेतलेल्यांनी हिवाळ्यात जाऊ नये.

हवामानाचा अंदाज कसा पाहावा?

गावासाठीचा अंदाज पुरेसा नसतो. ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’ आणि ब्रिटिश हवामान खात्याचा डोंगरांसाठीचा स्वतंत्र अंदाज, दोन्ही वायव्य हायलँड्सकरिता रोज उपलब्ध असतात. त्यांत पावसाच्या आधी वाऱ्याचा वेग पाहावा, ही सह्याद्रीतून आलेल्यांसाठी महत्त्वाची सूचना आहे. आपल्याकडे पावसाळ्यात भिजत चालणे हा आनंदाचा भाग असतो, कारण हवा उबदार असते. येथे ओले कपडे आणि वारा एकत्र आले की शरीराचे तापमान उन्हाळ्यातही धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी कमी होते, म्हणजे माथ्यावर वाहनतळापेक्षा तीन-चार अंश कमी असतात, आणि वाऱ्यामुळे ते आणखी कमी भासतात. वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जाणार असल्यास धारेवर तोल सांभाळणे कठीण होते. अशा दिवशी खालच्या प्रदक्षिणेवरच समाधान मानावे.

कपडे, बूट आणि सामान काय असावे?

सुती कपडे आणि जीन्स टाळावेत, कारण ते भिजल्यावर वाळत नाहीत. लवकर वाळणारा शर्ट, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, आणि सर्वांत वर पाणी व वारा दोन्ही अडवणारे जाकीट व विजार अशी रचना असावी. टोपी आणि हातमोजे जुलैतही सॅकमध्ये ठेवावेत. सह्याद्रीच्या कोरड्या कातळावर चालणारे पातळ तळाचे बूट पकडीला चांगले असले तरी येथील ओल्या दलदलीत ते क्षणात भिजतात. घोट्याला आधार देणारे, पाणी न शिरणारे बूट अधिक योग्य.

ऑर्डनन्स सर्व्हेचा लँडरेंजर मालिकेतील क्रमांक १५ किंवा एक्सप्लोरर मालिकेतील क्रमांक ४३९ हा कागदी नकाशा आणि होकायंत्र बरोबर असावे. फोनवरील नकाशा उपयोगी आहे, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते. डोक्याला बांधायची विजेरी आणि शिट्टी हेही विसरू नये.

खाण्यापिण्याची सोय आहे का?

डोंगरावर किंवा पायथ्याशी काहीही मिळत नाही. आपल्याकडे पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवता येते. येथे पायथ्याला गावच नाही. पाणी, खाणे आणि स्वच्छतागृह या सर्व गोष्टी उलापूलमध्ये उरकून निघावे. दशम्या, थेपले, चिक्की, खजूर असे घरचे टिकाऊ पदार्थ या चढाईला अगदी योग्य आहेत. उरलेले सर्व परत न्यावे, आणि त्यात केळीची व संत्र्याची सालेही धरावीत, कारण थंड हवेत ती महिनोन्‌महिने कुजत नाहीत. नैसर्गिक विधीची गरज पडलीच तर पाण्यापासून निदान तीस मीटर दूर जाऊन खड्ड्यात पुरावे.

चिलटे आणि गोचिडी यांचा त्रास खरोखर एवढा असतो का?

‘मिज’ नावाची अतिशय बारीक चिलटे जून ते ऑगस्टमध्ये, ढगाळ आणि वारा पडलेल्या सकाळ-संध्याकाळी थव्यांनी येतात. ती रोग पसरवत नाहीत, पण थांबणे अशक्य करून सोडतात. हलका वाराही त्यांना उडू देत नाही, त्यामुळे त्रास वाहनतळावर जास्त आणि धारेवर जवळजवळ नसतो. बूट घालण्याचे काम गाडीत बसूनच करावे आणि डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी जवळ ठेवावी.

गोचिडी हा त्यापेक्षा गंभीर विषय आहे, कारण काही गोचिडींमधून लाइम रोगाचा संसर्ग होतो. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत आणि परतल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, जांघेत व मुलांच्या केसांच्या रेषेजवळ नीट पाहावे. गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तेल किंवा काडीचा चटका हे उपाय करू नयेत. पुढील काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारे लालसर वर्तुळ दिसले किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे.

लहान मुलांना किंवा भारतातून आलेल्या आईवडिलांना नेता येईल का?

चालण्याची सवय असलेली आठ-दहा वर्षांची मुले खिंडीपर्यंत आनंदाने येतात, मात्र खिंडीत पोहोचल्यावर त्यांना मोकळे सोडू नये. नाळांची तोंडे अचानक समोर येतात. ज्येष्ठांच्या बाबतीत गुडघे हाच निकष मानावा. दगडी पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत आणि उतरताना त्या अधिक त्रास देतात. ज्यांना जिने उतरणे जड जाते त्यांनी पूर्वेच्या सोंडेपर्यंत जाऊन, तिथून सूलवेनचे दर्शन घेऊन त्याच वाटेने परतावे. तेवढ्या चालण्यातही या प्रदेशाचे स्वरूप पुरेसे उमगते. चालण्याच्या काठ्यांची जोडी बरोबर दिल्यास मोठा आधार होतो.

ही जमीन खाजगी आहे का? परवानगी लागते का?

परवानगी लागत नाही. ‘लँड रिफॉर्म (स्कॉटलंड) ॲक्ट २००३’ या कायद्याने स्कॉटलंडमधील बहुतेक जमिनीवर, मालकी कोणाचीही असो, पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. हा हक्क जबाबदारीने वापरण्याच्या अटीवर आहे, आणि ती जबाबदारी ‘स्कॉटिश आउटडोअर ॲक्सेस कोड’मध्ये स्पष्ट केली आहे: जनावरांना व पक्ष्यांना त्रास न देणे, फाटके होती तशी ठेवणे, कुत्रा ताब्यात ठेवणे, कोरड्या काळात उघड्यावर आग न पेटवणे. मोठ्याने गाणी लावत चालणारे गट सह्याद्रीत जितके खटकतात तितकेच येथेही खटकतात.

अपघात झाल्यास मदत कशी मागावी?

९९९ किंवा ११२ वर फोन करून प्रथम पोलिसांची आणि मग माउंटन रेस्क्यूची मागणी करावी. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कोणत्याही उपलब्ध नेटवर्कवरून हा फोन जोडला जातो. बोलण्याइतका सिग्नल नसेल तर संदेश पाठवता येतो, पण त्यासाठी घरूनच ९९९ वर नोंदणीचा संदेश पाठवून आपला ब्रिटिश क्रमांक आधी नोंदवलेला असावा. शिट्टीने मदत मागताना एका मिनिटात सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तसेच करावे. स्कॉटलंडमधील बचाव पथके स्वयंसेवकांची असतात आणि सुटकेसाठी पैसे आकारत नाहीत. आपली नोकरी सोडून, रात्री-अपरात्री, पावसात डोंगर चढून येणाऱ्या त्या माणसांबद्दलचा आदर म्हणून तरी तयारीशिवाय धारेवर जाऊ नये. निघण्यापूर्वी वाट आणि परतण्याची वेळ कोणाला तरी कळवून ठेवावी.

धारेवर असताना धुके आले तर काय करावे?

आल्या वाटेने खिंडीत परतावे आणि उत्तरेकडील बांधलेल्या वाटेनेच उतरावे. धुक्यात सर्व नाळा सारख्या दिसतात. त्यांपैकी अनेक वरून उतरण्याजोग्या वाटतात आणि खाली कड्यावर जाऊन संपतात. धारेवर जाताना दर थोड्या अंतराने मागे वळून खिंडीची दिशा आणि ओळखीचे खडक लक्षात ठेवले असतील तर परतणे सोपे जाते.

हाच डोंगर आवडल्यास याच भागात पुढे काय पाहावे?

चढाईनंतर त्याच दिवशी जाण्याजोगे ठिकाण म्हणजे उलापूलच्या उत्तरेस सुमारे २१ किलोमीटरवरील नॉकन क्रॅग. तेथे जुना खडक नव्या खडकावर चढून बसल्याचे प्रत्यक्ष दिसते. हे कोडे एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिकांमध्ये दीर्घ वादाचे कारण झाले होते. बेन पीच आणि जॉन हॉर्न यांच्या सर्वेक्षणाने त्यावर प्रकाश टाकला, आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल भूविज्ञानात आजही मानाचा समजला जातो. त्या दोघांचे पुतळे तेथे आहेत, आणि आखीव वाट लहान असल्यामुळे डोंगर चढू न शकणाऱ्या ज्येष्ठांनाही तिचा निदान काही भाग पाहता येतो.

दुसऱ्या दिवसासाठी कूल मोर हा चांगला पर्याय आहे. तो उंच असला तरी नेहमीच्या वाटेने त्यावर कातळटप्पा नाही, मात्र वरच्या भागात नकाशा वाचता येणे आवश्यक आहे. कूल बेगवर बांधलेली वाट नाही, त्यामुळे तो अनुभवी लोकांसाठी राखून ठेवावा. सूलवेनला लॉखइन्व्हरच्या बाजूने जाऊन-येऊन सुमारे वीस किलोमीटर चालावे लागते आणि पूर्ण दिवस जातो. ज्यांना स्टॅक पॉलीच्या खिंडीतून परतताना पायांत बरेच बळ शिल्लक असल्याचे जाणवले, त्यांनी मे किंवा जूनमधील एक स्थिर हवेचा दिवस निवडून सकाळी सातच्या आत निघावे.